पदकवाल्या शहराच्या झोफीआजी

झोफीआजी मारायच्या. रागावून बोलायच्या वगैरे नाही, सरळ हात उचलायच्या. नॉटिंगहॅमच्या ज्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरीला लागले, तिथल्या हाडांच्या वॉर्डात त्या खुबा मोडून दाखल झाल्या होत्या. पहिल्या आठवड्यातच त्यांनी एका नर्सच्या अंगावर गरम सूप फेकलं, एका पोर्टरच्या पोटात कोपर मारलं, आणि तिसरा नंबर माझा लागला. ऑपरेशननंतर पेशंटला लवकर उभं करावं लागतं. मी त्यांच्या काखेत हात घालून उचलायला गेले, तर त्यांनी पाण्याचा जग माझ्या मनगटावर हाणला. कळ पार खांद्यापर्यंत गेली. आणि त्याच वेळी कानावर शब्द पडले, "हात लावशील तर मुस्काट फोडीन."

मी मनगट धरून उभी राहिले. समोर निळ्या डोळ्यांची, पांढऱ्या केसांची गोरी बाई. चार्टवर लिहिलेलं: पोलिश, वय त्र्याहत्तर. ऐकलं ते खरं की भास, हेच मला कळेना.

"आजी, तुम्हाला मराठी येतं?" मी विचारलं.

त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "येतंय की," त्या म्हणाल्या. "मी कोल्हापूरची हाय. तिथंच वाढलो."

कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण पूर्व युरोपातल्या बाईच्या तोंडून ते ऐकायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. पुढे हळूहळू सगळं कळलं. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या कैदेतून सुटलेले हजारो पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले होते. झोफीआजी तिथे बाराव्या वर्षी आल्या आणि सोळाव्या वर्षी इंग्लंडला जाण्यासाठी बोटीत बसल्या. छावणीत आल्या तेव्हा आई-वडील दोघंही गेलेले होते.

त्यांच्या मराठीला एक गुरू होती. तानूबाई नावाची भाजीवाली छावणीत पाटी घेऊन यायची. झोफीने तिच्या पाटीतल्या शेंगा चोरल्या. तानूबाईने वेणी धरून तिला जमिनीवर आपटलं, दोन्ही गालांवर वाजवल्या, आणि मग शेजारी बसवून भाकरी आणि ठेचा खायला घातला. "तोंडाची आग आग झाली," आजी सांगायच्या. "आधी मारनं, मग खायला. रशियात नुसतंच मारनं हुतं." त्या दिवसापासून त्या रोज तानूबाईशेजारी बसू लागल्या. शिव्या आधी आल्या, बाकीची भाषा मागून आली. साठ वर्षांत बरेच शब्द गळून गेले होते, शिव्या मात्र एकूण एक शाबूत होत्या.

मला त्यांच्यासाठी नेमलं ते त्या भाषेमुळेच. आमची वॉर्डसिस्टर म्हणाली, "तू जा. तुला मारते तेव्हा निदान का मारते ते तरी तुला कळतं." नॉटिंगहॅममध्ये लहानथोर सगळ्यांना 'डक' म्हणायची पद्धत आहे, नर्सा आजींनाही म्हणायच्या. आजी मला म्हणायच्या, "बदक म्हनती मला. बदकाची मान मुरगाळत्यात, म्हाईत हाय का तिला?" मग आधाराला दिलेल्या चालायच्या झिमर फ्रेमला धरून दर पावलाला एक शिवी घालत त्या वॉर्डच्या टोकापर्यंत जायच्या. दुखण्याने ओठ चावून रक्त यायचं, पण थांबायच्या नाहीत.

त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा होता. एकदा त्यांनी मला विचारलं, "तू कुठली?"

"पुण्याची."

"तुज्या पुन्याला क्रॉस हाय?"

मला आधी काही समजलं नाही. त्यांनी उशाखालच्या पाकिटातून एक जुनं पोस्टकार्ड काढलं. त्यावर एका शहराचं चिन्ह होतं, कमानीत उभा सिंह, आणि खाली एक क्रॉस. त्यांच्या शहराचं नाव ल्वूफ. तो क्रॉस म्हणजे पोलंडचं सर्वांत मोठं लष्करी पदक; एरवी ते रणांगणावरच्या सैनिकाला देतात, इथे अख्ख्या शहराला दिलं होतं. पहिलं महायुद्ध संपता संपता ल्वूफ कुणाचं यावरून पोल आणि युक्रेनियन लोकांमध्ये तीन आठवडे गल्लोगल्ली लढाई झाली. पोलंडचं सैन्य पोचेपर्यंत शहर लढवलं ते विद्यार्थ्यांनी, ट्रामवाल्यांनी, शाळकरी पोरांनी. आजींचे वडील तेव्हा चौदा वर्षांचे होते.

ही लढाई आजी अशी सांगायच्या, जशा काही त्या स्वतः तिथे होत्या. शाळेच्या वर्गांतून गोळीबार, बाकं रचून केलेले अडथळे, खडूच्या धुळीत सांडलेलं रक्त. वडिलांच्या वर्गातला एक मुलगा खिडकीतून डोकावला आणि त्याचा जबडाच उडाला. वडिलांनी त्याची बंदूक घेतली. ती त्यांच्याहून हातभर उंच होती. आजी हे सांगताना दोन्ही हात बंदुकीसारखे धरायच्या आणि समोरच्या कॉटवर झोपलेल्या बाईवर नेम धरायच्या. ती बिचारी पांघरूण तोंडावर ओढून घ्यायची.

पण पुढे त्या शहरानेच त्यांचा घात केला, हे त्या दुसऱ्या आवाजात सांगायच्या. १९३९ मध्ये रशियन आले. ज्याच्याजवळ त्या लढाईचं पदक, तो माणूस त्यांच्या यादीत. वडिलांना नेलं, त्यांना मानेत गोळी घालून मारलं होतं, हे खूप वर्षांनी कळलं. पुढच्या वसंतात एका सकाळी आई आणि नऊ वर्षांच्या झोफीला गुरांच्या डब्यात घालून कझाकस्तानच्या माळावर पाठवलं. तिथे आईने धान्याच्या कोठारातून ओंजळभर गहू उचलले म्हणून पहारेकऱ्याने बंदुकीच्या दस्त्याने तिच्या तोंडावर मारलं. जबडा मोडला. तिला गिळता येईना. सतराव्या दिवशी ती गेली. "मी मोजलं," आजी म्हणाल्या. "दुसरं काय करनार."

आणि युद्ध संपल्यावर ते शहर पोलंडचं राहिलंच नाही. ते सोव्हिएत युनियनमधल्या युक्रेनमध्ये गेलं आणि त्याचं नाव ल्वीव झालं. आजी नॉटिंगहॅमच्या मोज्यांच्या कारखान्यात तीस वर्षं राबल्या, एका पोलिश खाणकामगाराशी लग्न केलं, तोही गेला. मूलबाळ नव्हतं. घराच्या भिंतीवर तेच चिन्ह आणि तोच क्रॉस, एवढंच.

हॉस्पिटलातून घरी सोडल्यावर त्या एका डे सेंटरला जाऊ लागल्या. मी दर गुरुवारी तिथे म्हाताऱ्यांचा खुर्चीत बसून करायचा व्यायाम घ्यायची. तिथेच मिखायलो यायचे. ऐंशीचे, रुंद खांद्यांचे, डाव्या हाताची दोन बोटं खाणीत गेलेली. कोपऱ्यात बसून डॉमिनो खेळायचे आणि कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. ते युक्रेनियन आहेत एवढंच आम्हाला माहीत होतं. आजी त्यांच्या टेबलाजवळून जाताना तोंड फिरवायच्या, पण तोंड तर त्या बऱ्याच जणांकडे बघून फिरवायच्या.

२००४ च्या नोव्हेंबरात, सगळ्यांच्या कोटांवर युद्धात मेलेल्यांच्या आठवणीची लाल पॉपीची कागदी फुलं लागली होती, तेव्हा सेंटरच्या मॅनेजरबाईंनी एक कार्यक्रम ठेवला. प्रत्येकाने युद्धाची एखादी आठवण आणायची आणि दोन शब्द बोलायचे. कुणी रेशनचं पुस्तक आणलं, कुणी नवऱ्याची टोपी. आजींनी ते पोस्टकार्ड आणलं. त्या फ्रेमला धरल्याशिवाय, नुसती काठी टेकत उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "माझं अख्खं शहर शूर होतं, चौदा वर्षांचा माझा बापही लढला. म्हणून माझ्या अख्ख्या शहराला पदक मिळालं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिखायलोंनी हातातली डॉमिनोची सोंगटी खाली ठेवली.

"अख्खं नाही," ते शांतपणे म्हणाले. "माझा बापही त्याच शहरात होता. तो दुसऱ्या बाजूने लढत होता. माझा मामा पोस्टाच्या इमारतीत मेला. आणि तुमचे लोक जिंकल्यावर लगेच ज्यूंच्या गल्ल्यांत शिरले, घरं जाळली, माणसं मारली. त्याबद्दलही मिळालं का पदक?"

मी आजींपासून चार पावलांवर होते, तरी मला पोचता आलं नाही. काठी दोनदा खाली आली. पहिला फटका त्यांच्या भुवईवर बसला, दुसरा कानावर. भुवई उलली आणि रक्त डोळ्यात उतरलं, टेबलावरच्या पांढऱ्या सोंगट्यांवर टपटप गळू लागलं. आजी पोलिशमध्ये किंचाळत होत्या. मिखायलो उठले, त्यांनी उरलेल्या तीन बोटांनी आजींची कॉलर पिळून धरली आणि त्यांना भिंतीवर दाबलं. आजींचे पाय जमिनीवरून सुटले. त्यांचा चेहरा काळानिळा पडत चालला होता आणि तरी त्या त्यांच्या नडगीवर लाथा मारत होत्या. मी आणि किचनमधला स्वयंपाकी, दोघांनी मिळून ती बोटं एकेक करून सोडवली.

मिखायलोंना सात टाके पडले. आजींच्या गळ्यावर जांभळे वळ उमटले. मॅनेजरबाई म्हणाल्या, दोघांनाही पोलिसांत देण्यावाचून इलाज नाही, आणि आजींना तर सेंटर कायमचं बंद. तसं झालं असतं तर देखरेखीला कुणी नाही म्हणून कौन्सिलने त्यांना एकटं राहू दिलं नसतं, कुठल्या तरी केअर होममध्ये टाकलं असतं. ही भीती त्यांना मरणाहून मोठी होती. मी मिखायलोंच्या घरी गेले. त्यांनी तक्रार केली नाही तर मॅनेजरबाईंचं मन वळवता येईल, असं मला वाटत होतं.

ते पट्टी बांधलेल्या डोक्याने स्वयंपाकघरात बसले होते. "पोलीस नकोत," ते म्हणाले. "आमच्या शहरात कुणी पोलिसांना बोलावलं की कुणीतरी सैबेरियाला जायचं. मी नाही बोलावणार." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तिला सांग, मला माफी नको. तिच्या बापाने काय केलं ते तिने सांगावं. पदकाची गोष्ट नको, खरी गोष्ट."

मी हा निरोप आजींना दिला तेव्हा मला वाटलं, आता माझंही डोकं फुटणार. पण त्यांनी काठी बाजूला ठेवली. नंतर म्हणाल्या, "चहा कर." मी चहा केला. तो त्यांनी साय धरेपर्यंत तसाच निवू दिला.

मग त्यांनी मला मराठीत सांगितलं. वडिलांनी ते आयुष्यात एकदाच सांगितलं होतं, रशियन न्यायला आले त्याच्या आठवडाभर आधी, आईला. नऊ वर्षांची झोफी दाराआड उभी होती. शाळेच्या जिन्यात एक युक्रेनियन सैनिक जखमी होऊन पडला होता. पोटात गोळी लागलेली. तो पाणी मागत होता. त्याची भाषा वडिलांना कळत होती, कारण त्यांना वाढवणारी दाई युक्रेनियन होती. ते बोलायलाच त्या भाषेत शिकले होते. त्यांच्या कमरेला पाण्याची बाटली होती. खालून आणखी सैनिक येतायत असं वाटलं आणि हा ओरडून आपली जागा दाखवेल, अशी भीती वाटली. गोळी झाडली असती तर आवाज झाला असता. म्हणून त्यांनी बंदूक उलटी धरली आणि दस्त्याने त्याच्या डोक्यावर मारत राहिले. आठ-दहा घाव घातले तरी तो 'पाणी' म्हणत होता. मग म्हणायचा थांबला. खालून कुणीही आलं नाही.

"माज्या आईला पन दस्त्यानंच मारलं," आजी म्हणाल्या. "मला लई वर्सं वाटायचं, कुनीतरी हिशेब केला. मग वाटायचं, माजी आई काय म्हून? तिनं कुनाला मारलं हुतं?" त्यांनी निवलेला कप बाजूला सारला. "पदक शहराला देत्यात, पोरी. शहराला झोप लागती. बापाला लागत नव्हती."

पुढच्या गुरुवारी मी त्यांना घेऊन सेंटरला गेले. मॅनेजरबाईंनी अट घातली होती की मी मध्ये बसायचं. त्या दोघांच्या भाषा एकमेकींच्या जवळच्या. आजी पोलिशमध्ये बोलल्या, ते युक्रेनियनमध्ये. मला शब्द कळत नव्हते, पण मी गोष्ट ऐकलेली होती, त्यामुळे कुठवर आली ते कळत होतं. आजींनी बंदूक उलटी धरल्यासारखे हात केले. मिखायलोंनी डोळे मिटले. तो माणूस त्यांच्या नात्यातला असेल असं काही नव्हतं. शहर मोठं होतं आणि मेलेले पुष्कळ होते. आजी थांबल्या. मग मिखायलोंनी एकदम मूठ टेबलावर इतक्या जोरात आपटली की कप खाली पडून फुटला. मी उठलेच. त्यांनी मला खाली बसायची खूण केली आणि ते बोलू लागले.

त्यांनी काय सांगितलं, ते त्यांनी मला नंतर इंग्रजीत सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा मोठा भाऊ जंगलातल्या एका युक्रेनियन टोळीत होता. त्या टोळीने एका पोलिश गावातली माणसं चर्चमध्ये कोंडून आग लावली. भाऊ घरी आला तेव्हा त्याच्या कोटाला धुराचा आणि जळलेल्या केसांचा वास येत होता. एकोणीस वर्षांच्या मिखायलोंनी तो कोट विहिरीवर धुवून दिला. "मी विचारलं नाही कशाचा वास आहे," ते म्हणाले. "मला माहीत होतं. मी धुतला, वाळवला, त्याची बटणंसुद्धा लावून दिली."

यानंतर त्यांची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. सेंटरने आजींना पुन्हा घेतलं, पण दोघं वेगवेगळ्या टोकांना बसायचे. मारामारी मात्र पुन्हा झाली नाही. कधी कधी एखादा शब्द या टोकाकडून त्या टोकाकडे यायचा. कुठल्या रस्त्यावर कुठली बेकरी होती, कुठली ट्राम कुठे वळायची. आजी म्हणायच्या डावीकडे, ते म्हणायचे उजवीकडे, आणि दोघंही भांडून तांबडेलाल व्हायचे.

पुढच्या उन्हाळ्यात बातमी आली की त्या शहरातलं, लढाईत मेलेल्या पोलिश पोरांचं कबरस्तान पुन्हा उघडलं. सोव्हिएत राज्यात ते बुलडोझरने उखडलं होतं, आता दुरुस्त झालं होतं, आणि दोन्ही देशांचे राष्ट्राध्यक्ष तिथे एकत्र उभे राहिले. शेजारीच युक्रेनियन सैनिकांचंही स्मारक आहे, असं पेपरात होतं. मी विचारलं, "आजी, जायचं का? मी सुट्टी काढते."

"नगं," त्या म्हणाल्या. "तिथं गेलो तर मी कुनाला तरी मारीन. कुनाला, ते म्हाईत न्हाई."

त्याच दिवशी त्यांनी मला एक काम सांगितलं. "बापाची गोष्ट तू लिही. जिन्यातली. पोलिशमध्ये लिहिली तर माजी मानसं माज्यावर थुंकतील. त्या मिखायलोच्या भाषेत लिहिली तर त्येची मानसं नाचतील. मराठीत लिही. तुमी लोक नुसतं वाचशीला."

मी 'लिहिते' म्हणाले आणि तेव्हा लिहिलं नाही. ड्यूट्या होत्या, घर होतं. खरं तर मला भीती वाटत होती. त्या हिवाळ्यात आजींना न्यूमोनिया झाला आणि आमच्याच हॉस्पिटलात, चार दिवसांत, त्या गेल्या. शेवटच्या दिवशी ऑक्सिजनचा मास्क त्यांनी तीनदा ओरबाडून फेकला. चौथ्यांदा मी तो लावला तेव्हा त्यांनी माझ्या हाताला नखं रोवली, मग सैल सोडली.

दफनाला पाऊस होता. तीस-चाळीस पोलिश लोक आले होते, म्हातारे आणि त्यांची मुलं. पाद्र्यांनी वीर शहराच्या वीर कन्येबद्दल सांगितलं, चौदा वर्षांच्या सैनिक बापाबद्दल सांगितलं, त्या क्रॉसबद्दल सांगितलं. सगळ्यांच्या मागे, भुवईवर पांढरा व्रण घेऊन, मिखायलो उभे होते. मला वाटलं, आता हे जिन्यातली गोष्ट बोलतात की काय. ते बोलले नाहीत. सगळ्यांनी माती टाकून झाल्यावर ते पुढे आले, मूठभर माती टाकली आणि त्यांच्या भाषेत मोठ्याने प्रार्थना म्हणू लागले.

ती भाषा ऐकताच माणसं वळली. एक धिप्पाड माणूस, पन्नाशीचा, पुढे येऊन म्हणाला, "इथे नाही. ही भाषा इथे नाही." मिखायलो थांबले नाहीत. त्या माणसाने त्यांना छातीवर धक्का दिला. ऐंशी ओलांडलेला माणूस गुडघ्यांवर चिखलात कोसळला, हात कबरीच्या काठाच्या मातीत रुतले. कुणीतरी त्या धिप्पाड माणसाला मागे ओढलं. मी धावत जाऊन मिखायलोंच्या कोपराला धरलं आणि त्यांना उठवू लागले.

"थांब," ते मला म्हणाले. "अजून संपलं नाही."

आणि तिथेच चिखलात गुडघे टेकून, पावसात, त्यांनी ती प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली.